26 जुलैला गावात कारगिल विजय दिवस करताय? मग आमच्या चुका आधी वाचून घ्या

जुलै लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर दरवर्षी ठरलेला मेसेज पडतो, "यंदा कारगिल दिवस करायचा का?" आणि खाली तीस-चाळीस अंगठे. अंगठे देणारे चाळीस आणि आदल्या दिवशी स्मारक घासायला येणारे चार, हे पण ठरलेलंच. त्या चारातला मी एक, म्हणून लिहितोय, कारण पहिल्या वर्षी आम्ही जे काही केलं ते आठवलं तरी अजून लाज वाटते.

झालं काय, तर कार्यक्रम सकाळी दहाचा, पाहुणे आले पावणेबाराला. तोपर्यंत आमच्या गावच्या हुतात्मा जवानाची आई एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, कारण पुढचे सोफे "मान्यवरांसाठी" राखून ठेवलेले. वरून पत्रा गळत होता, त्या दोनदा खुर्ची सरकवून बसल्या आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो पाहुण्यांचा, जवानाचा फोटो कोपऱ्यात, तो पण कोणीतरी शाळेच्या रजिस्टरवरून मोबाईलने काढून मोठा केलेला. आजी फ्लेक्सजवळ गेल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो तर धाव्वीतला फोटू हाय. मिशी कुठाय त्याला? भरती झाल्यावर मिशी ठेवलीवती त्यानं." मग काय, शाल, श्रीफळ, फोटो, संपलं. त्या दिवसापासून आमचा एकच नियम आहे की कार्यक्रम घरच्यांचा, बाकी सगळे पाहुणे, आणि पुढचं सगळं त्या एका नियमातूनच आलेलं आहे.

आधी तारखेचं बघा. 26 जुलै हा कारगिलचा दिवस, 1999 च्या कारगिल युद्धात, म्हणजे ऑपरेशन विजयमध्ये, आपले 527 जवान गेले, त्यांच्यासाठीचा. पण तुमच्या गावचा जवान 1971 ला गेला असेल तर 16 डिसेंबर जास्त बरोबर पडतो, आणि पोलिसातला किंवा सीआरपीएफचा असेल तर 21 ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन, 1959 साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात गेलेल्या पोलिसांच्या आठवणीत पाळतात तो. 30 जानेवारीला अकरा वाजता सगळ्या देशात दोन मिनिटं मौन असतंच. आणि खरं सांगू का, घरच्यांच्या लेखी या सगळ्यापेक्षा त्याचा स्वतःचा स्मृतिदिन मोठा असतो, तेव्हा 26 जुलै कराच पण ती तारीख पण कॅलेंडरवर गोल करून ठेवा, त्या दिवशी चार जण नुसते घरी जाऊन बसलात तरी चालतं.

दुसरं म्हणजे नाव. हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा, पलटण, तारीख, ठिकाण, ही सगळी माहिती कागदावर लिहून काढायची आणि घरच्यांकडून तपासून घ्यायची. नाईक आणि लान्स नाईक एक नाही, नायब सुभेदार आणि सुभेदार एक नाही, घरच्यांना ते लगेच कळतं. मराठी पोरगा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच असं पण धरून चालू नका, महार रेजिमेंट असेल, बॉम्बे सॅपर्स असेल, तोफखाना असेल. घरी पेन्शनची कागदपत्रं असतात त्यात सगळं मिळतं, नाहीतर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात (2019 ला झालं ते) स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांवर जवानांची नावं ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलीत, त्यांच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची नावं मात्र तिथे शोधू नका, त्यांचं स्मारक वेगळं आहे, दिल्लीतच चाणक्यपुरीत, राष्ट्रीय पोलीस स्मारक. म्हणून गावात त्यांना वेगळं काढायचं असं अजिबात नाही हं, आमच्या फलकावर सगळी नावं एकाखाली एक आहेत.

आणि जुनी नावं विसरू नका. सातारा, रत्नागिरी, रायगड या भागात कितीतरी गावांच्या चावडीवर नाहीतर शाळेच्या भिंतीवर एक छोटी दगडी पाटी असते, इंग्रजीत, 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले आणि त्यातले इतके परत आले नाहीत. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या गावातल्या 46 जणांना त्या युद्धात वीरमरण आलं, गावाच्या नावातच मिलिटरी आलं. आमच्या पाटीवर चुन्याचे इतके थर होते की आम्ही ती पाटी आहे हेच विसरलो होतो, पोरांनी नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने हळूहळू घासली तेव्हा आकडा दिसला. तारेचा ब्रश वापरू नका, अक्षरं जातात. पाटीवर नुसता आकडा असतो, नावं नसतात, ती शोधायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, तिथे इंग्रजांनी कानाला ऐकू आलं तसं स्पेलिंग लिहिलंय त्यामुळे दहा प्रकारे टाकून बघावं लागतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक) मिळालेले, 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना गेले, वय अवघं बावीस, त्यांचं नाव तिकडे इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. तुमच्या गावचं पण एखादं नाव असंच कुठेतरी परमुलखात भिंतीवर असेल.

आता घरच्यांकडे जाणं. हे फोनवर उरकू नका. महिनाभर आधी दोघं-तिघं जा, त्यात एखादी बाई आणि एखादे माजी सैनिक असू द्यात, बसा, चहा घ्या, आणि मग सरळ विचारा की आम्ही असं असं करायचं म्हणतोय, तुम्हाला चालेल का. नको म्हणाले तर नको. एका घरातून आम्हाला आलं होतं की "नाव वाचा, पण आम्ही येणार नाही," तर आम्ही तसंच केलं, नाव वाचलं, घराकडे माणूस पाठवला नाही. कुठला फोटो लावायचा ते त्यांनाच विचारा, कधीकधी आईला एक फोटो आवडतो आणि बायकोला दुसरा, मग दोन्ही लावा, काय बिघडतं.

इथे एक नाजूक गोष्ट सांगतो. बऱ्याच घरांत नंतर सासू-सुनेचं, दिरा-भावजयीचं फाटलेलं असतं, पेन्शनवरून, मिळालेल्या पैशावरून, जमिनीवरून, किंवा वहिनींनी दुसरं लग्न केलेलं असतं. गावाला ते माहीत असतं, तुम्ही न्यायाधीश व्हायला जाऊ नका. वीरपत्नीला वेगळं आमंत्रण, आई-वडिलांना वेगळं, दोघांना पहिल्या रांगेत जागा, आणि मध्ये एखादी समजूतदार बाई बसवा, एवढं केलं की पुरतं.

आणि ते हळदीकुंकवाचं. स्वागताला पोरी तबक घेऊन उभ्या राहतात, सगळ्या बायकांना कुंकू लावत येतात आणि वीरपत्नीपाशी आल्या की हात थांबतो. आमच्याकडे झालंय हे. ज्या बाईच्या सन्मानासाठी सगळं गाव गोळा केलं तिलाच तबक वगळून पुढे गेलं! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग राज्य सरकारने पण बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं, म्हणजे रस्ता आधीच मोकळा झालेला आहे. तरी आपणहून जबरदस्तीने लावायला पण जाऊ नका, आदल्या दिवशी एखाद्या बाईने घरी जाऊन विचारून घ्यायचं, "वहिनी, उद्या कुंकू लावलं तर चालेल ना?" हो म्हणाल्या तर सगळ्यात आधी त्यांनाच, नको म्हणाल्या तर मग तबकच आणायचं नाही, सगळ्यांना नुसतं गुलाबाचं फूल.

सामानाचं फार अवघड नाही पण 26 जुलै म्हणजे आपल्याकडे धो धो, हे डोक्यात ठेवूनच सगळं करा. मेणबत्त्या विसरा, टिकत नाहीत, काचेचा कंदील किंवा आडोशाला समई. माईकवाल्याला जमिनीवर वायर टाकू देऊ नका. फुलांचं पुष्पचक्र तालुक्याला मिळतं पण आम्ही घरीच करतो, पेंढ्याची पेंडी वळून सुतळीने गोल बांधायची, साधारण सायकलच्या चाकाएवढी नको, त्याच्या निम्मी, एका माणसाला दोन हातात नीट धरता आली पाहिजे, वर आशापाल्याची पानं एकावर एक टाचायची आणि मग झेंडू. सकाळी केलं तर चांगलं, रात्री केलं तर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. आणि त्यावर मंडळाच्या नावाची पट्टी लावू नका हो, कृपा करून.

झेंड्याचे नियम नीट समजून घ्या कारण उत्साहाच्या भरात इथेच गडबड होते. आपल्या मनाने झेंडा अर्ध्यावर उतरवायचा नाही, ते फक्त सरकारी आदेशाने होतं. टेबलावर, फोटोवर, चौथऱ्यावर तिरंगा अंथरायचा नाही, जवानाच्या शवपेटीवर घालतात म्हणून फोटोवर घातला तर चालतो असं नाही, तो मान अंत्यसंस्काराचा आहे. सजावटीला केशरी-पांढरा-हिरवा साधा कपडा वेगळा आणि झेंडा वेगळा. झेंड्यावर काही लिहायचं नाही. फडकवायच्या आधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवलेल्या चालतात. 2021 च्या शेवटी नियम बदलला, तेव्हापासून मशीनवरचा आणि पॉलिस्टरचा झेंडा पण चालतो, पावसात तोच बरा पडतो. पोरांच्या हातातले कागदी झेंडे कार्यक्रम संपल्यावर परत गोळा करायचे, त्यासाठी एक पोरगं आणि एक पिशवी आधीच ठरवून ठेवा.

कधी कधी घरचे लोक त्याच्यावर घातलेला तिरंगा घेऊन येतात. शवपेटीवरचा झेंडा अंत्यसंस्काराआधी काढून घरच्यांच्या हातात देतात, तो त्यांच्याकडेच असतो. आमच्याकडच्या एका वीरपित्याने तो पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलाय, खाली त्याचा युनिफॉर्म, वर झेंडा, चारी कोपऱ्यात डांबरगोळ्या. त्यांनी दाखवायला आणला तर बघा, हात लावायच्या आधी विचारा, आणि "हाच फडकवूया" असं कोणी सुचवलं तर त्याला बाजूला घ्या.

प्रत्यक्ष कार्यक्रम चाळीस मिनिटांच्या वर नको. आमचा क्रम असा आहे, घरचे येऊन बसले की सुरू. पाहुणे आले नसले तरी सुरू. पाहुण्यांना हे पत्रिकेतच लिहून कळवतो आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ते वेळेवर येतात. आधी पुष्पचक्र, पहिलं घरच्यांचं, मग माजी सैनिक, मग सरपंच आणि बाकीचे. माजी सैनिक टोपी आणि पदकं लावून येतात, ते सॅल्यूट करतात. आपण बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं, हात कपाळाला लावायची गरज नाही, नाहीतर डाव्या हाताने ठोकणारे पण बघितलेत मी. वीरपत्नीने किंवा वडिलांनी त्याचं पदक उजव्या बाजूला लावलं असेल तर "काका चुकीच्या बाजूला लागलंय" म्हणून सांगायला जाऊ नका, स्वतःची पदकं डावीकडे आणि गेलेल्या माणसाची घरच्यांनी उजवीकडे, अशीच पद्धत आहे.

मग नावं वाचायची. ही जागा घाई करायची नाही. ज्याचा आवाज मोठा त्याला नको, ज्याचा उच्चार स्वच्छ त्याला द्या. हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, कुठे, कधी. मग एक श्वास, मग पुढचं नाव. विशेषणं नकोत, "भारतमातेचे वीर सुपुत्र" प्रत्येकाच्या आधी लावलं की तिसऱ्या नावापर्यंत लोकांचे कान बंद होतात.

मौनाचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे दोन मिनिटं म्हणजे पंचवीस सेकंद, कोणीतरी खाकरतं, माईकवाला "शांती शांती" म्हणतो आणि संपलं. 30 जानेवारीची सरकारी पद्धत चांगली आहे, 10:59 ला भोंगा सुरू, 11 ला बंद, मौन, 11:02 ला पुन्हा भोंगा. आम्ही शाळेच्या घंटेवर भागवतो, एका माजी हवालदारांच्या हातात घड्याळ आणि घंटा दिलेली आहे, ते एक सेकंद इकडे-तिकडे होऊ देत नाहीत. पूर्ण दोन मिनिटं किती मोठी असतात ते पहिल्यांदा कळलं, पत्र्यावरचा पाऊस, मागे कुठेतरी एक म्हैस, बाकी काही नाही. बिगुल वाजवणारा एनसीसीचा कोणी कॅडेट मिळाला तर उत्तमच, पण लास्ट पोस्टचं, म्हणजे श्रद्धांजलीच्या बिगुलाच्या धूनचं, रेकॉर्डिंग लावणार असाल तर आधी डाउनलोड करून, मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून. आम्ही ऑनलाइन लावलं होतं आणि ऐन मध्यात पाइपांची जाहिरात सुरू झाली.

भाषणं तीन, त्यातलं एक त्याला ओळखणाऱ्याचं. वर्गमित्र, शेजारी, त्याच्याबरोबर पलटणीत असलेला कोणी. त्याला सांगायचं की शौर्य बाकीचे सांगतील, तू तो कसा होता ते सांग. आमच्याकडे त्याचा एक वर्गमित्र उठला आणि म्हणाला की हा शाळेमागच्या ओढ्यात खेकडे पकडायचा आणि एकदा दप्तरातून वर्गात आणला, गुरुजींच्या पायावरून गेला. अख्खा मंडप हसला, आणि आजी सगळ्यात आधी. नंतर त्या वर्गमित्राला म्हणाल्या, "ही गोष्ट मला ठावं नव्हती रं." इतक्या वर्षांनी लेकाची एक नवीन गोष्ट कळली त्यांना. आता दर वर्षी आम्ही एक नवीन माणूस शोधतो.

आईला किंवा वीरपत्नीला बोलायचा आग्रह नको, माईक जवळ ठेवा, वाटलं तर बोलतील. लहान लेकराला मिलिटरीचे कपडे घालून "माझे बाबा" म्हणायला लावू नका, लोक रडतात आणि टाळ्या वाजवतात, पण रात्री ते लेकरू कसं झोपतं ते आपण बघत नाही. प्लास्टिकच्या बंदुका आणि लाल रंग लावलेली नाटुकली पण आम्ही बंद केली. त्याऐवजी पोरांना नकाशा द्या. कारगिलची लढाई झाली ते द्रास कुठे, तोलोलिंगचा डोंगर कुठे, आणि तिथलंच पॉइंट 4875 हे शिखर म्हणजे 4875 मीटर, आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक, वर बर्फ, वर बसलेला शत्रू आणि खालून रात्री चढायचं. कळसूबाई चढून आलेल्या पोराला हे सांगितलं की त्याचं तोंड बघा.

मोबाईलवरचं थोडं. त्या दिवशी स्टेटसला फिरणाऱ्या "कारगिलचे शहीद" पोस्टमध्ये योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार यांचे फोटो हमखास असतात. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं ते हयात असताना! कारगिलमध्ये चार परमवीर, त्यातले मनोजकुमार पांडे आणि विक्रम बत्रा यांना वीरमरण आलं, यादव आणि संजय कुमार परत आले. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहण्याआधी निदान एकदा शोधून बघत जा. आणि रडणाऱ्या आईचा झूम केलेला व्हिडिओ टाकू नका, आमच्याकडे फोटो एकच माणूस काढतो आणि घरच्यांना दाखवल्याशिवाय ग्रुपवर जात नाही.

पैशाचं सरळ ठेवा. स्टेजवर पाकीट किंवा चेक नको, माणसाला सगळ्या गावासमोर हात पुढे करावा लागतो. वर्गणी काढलीच तर 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्याचा ध्वजनिधी सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो, पावती घ्या आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाका. एखाद्या घराच्या नावाने त्यांना न विचारता पैसे गोळा करू नका.

त्यापेक्षा कागदाचं काम करा. पेन्शनचा दरवर्षीचा हयातीचा दाखला आता स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर जातो, ओटीपी येतो, अंगठा स्कॅन होत नाही कारण शेतात राबून ठसे गेलेले, म्हाताऱ्या माणसाला तिथे रडायची वेळ येते. आमच्यातल्या एका पोराकडे ते काम दिलंय, तो वर्षातून एकदा तीन घरी लॅपटॉप घेऊन जातो. वारसाची नोंद, सातबारा, नातवाचा दाखला, जे निघेल ते तेव्हाच उरकतो. आजी त्याला दरवेळी शेंगा देतात आणि दरवेळी विचारतात की पुढच्या वर्षी तूच येणार ना.

स्मारकाचं म्हणाल तर ऑगस्टअखेर गवत गुडघ्यापर्यंत येतं, तेव्हा गणपतीच्या मीटिंगमध्येच कापायची पाळी लावून टाका. आमच्याकडे विळा आणि ब्रश शाळेच्या शिपाईमामांच्या खोलीत असतो, काळ्या ऑइल पेंटचा डबा पण तिथेच, अक्षरं उडाली की बारीक ब्रशने भरायची. आजींनी नंतर दिलेला मिशीवाला फोटो मात्र त्यांनी परत मागून घेतला, आम्ही लॅमिनेशन करून दिला, तो आता त्यांच्या चुलीच्या वरच्या फळीवर आहे.